तात्यांचा घसा, दत्तारामची पाठ

समोरच्या माणसाने तोंड उघडलं की मी आधी त्याचे टॉन्सिल बघतो, मग तो काय बोलतोय ते ऐकतो. ही खोड मला परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सुटलेली नाही. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाचे वडील कशावर तरी मोठ्याने हसले आणि मी बायकोच्या कानाशी म्हणालो, "डाव्या बाजूला सूज आहे." बायकोने मांडीला असा चिमटा काढला की माझे डोळे पाणावले. पाहुण्यांना वाटलं, मुलीचा बाप हळवा आहे. लग्न जमलं. सूज अजून आहे.

लोकांची समजूत अशी की लॅबमध्ये नुसतं रक्त आणि लघवी तपासतात. आमच्या खोलीत जंतूंची शेती चालायची. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, ती नळीत घालून वाफेवर निर्जंतुक करायची, मग रोग्याच्या घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरवायची. रोगी ओकारी काढतो, शिव्या देतो, काही जण चावतात. ती काडी काचेच्या बशीतल्या लाल जेलीवर ओढायची. जेली म्हणजे चायनाग्रास आणि त्यात मेंढ्याचं रक्त. बशी उबदार कपाटात ठेवली की दुसऱ्या दिवशी पीक येतं. त्यात एक जात अशी, की ती जिथे उगवते तिथलं रक्त खाऊन टाकते आणि लाल जेलीत तिच्याभोवती स्वच्छ गोल खिडकी पडते. तिचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू मण्यांच्या माळेसारखे दिसतात. ती खिडकी दिसली की माझ्या अंगावर शहारा यायचा. भीतीचा नव्हे, आनंदाचा. माळ्याला कळी दिसल्यावर होतं तसं.

रक्तासाठी एक मेंढा मागच्या आवारात बांधलेला असे. त्याचं नाव आम्ही 'दाता' ठेवलं होतं. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा अश्रुधूर. एका हरताळाच्या दिवशी दात्याचा गवतवाला आलाच नाही, म्हणून मी बंद मंडईच्या मागून कोबीची पानं गोळा करून निघालो, तर कोपऱ्यावर चळवळीच्या पोरांनी अडवलं. "आज हरताळ आहे, माहीत नाही?" मी म्हटलं, "मला माहीत आहे. मेंढ्याला कुणी सांगितलेलं नाही." पोरं हसली आणि एकाने स्वतःच्या पिशवीतला मुळ्याचा पाला दिला. मराठी राज्यासाठी त्या मेंढ्याने रक्त सांडलं असं मी अजून सांगतो, कारण चळवळीतल्या किती घशांचे जंतू त्याच्या रक्तावर वाढले याला गणती नाही.

आमच्या त्वचारोग विभागात डॉक्टर लिमये होते. गिरगावातले, किडकिडीत, धोतरातून पँटीत आलेले आणि अजून पँट सावरण्याची सवय न लागलेले. त्यांचा एकच ध्यास. अंगावर लाल, खवलेदार चट्टे घेऊन रोगी आला की ते म्हणत, "आ करा." रोगी गोंधळून शर्ट काढू लागे. "शर्ट राहू द्या, आ करा." खाज पाठीला आणि बघतात घशात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं बाहेरच्या बाकावर सर्रास बोललं जायचं. डॉक्टरांना ते ऐकू जायचं. त्यावर ते मला म्हणायचे, "जाधव, आग कुठे दिसते ते लोक सांगतात. काडी कुणी ओढली ते आपण शोधायचं."

हा ध्यास तसा धोक्याचाही. डॉक्टरांच्या आधी त्याच विभागात एक वयस्क डॉक्टर होते, त्यांचा घशाऐवजी दातांवर डोळा. अंगावर काहीही उठलं की दोष किडक्या दातांचा. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतली एक कोळीण त्यांनी पाठवल्याप्रमाणे दंतविभागात जाऊन आली आणि महिन्याभराने परत येऊन आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दात घेतलेस माझे, खाज ठेवलीस! आता म्हावरा काय तुझ्या मलमाबरोबर खाऊ?" वयस्क डॉक्टर मागच्या दाराने गेले. मी तिथेच होतो, म्हणून उरलेलं सगळं मला ऐकावं लागलं. तेव्हापासून मी एक शिकलो. सिद्धांत कितीही गोंडस असला तरी दात रोग्याचे असतात.

तर दत्ताराम परब. कुडाळकडचा गडी, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात विणकर. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात ते खातं. त्याचा आवाज सगळ्या गिरणगावात ठाऊक होता. मोर्चा कुठलाही असो, पुढे उभा राहून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं दत्ताराम म्हणायचा आणि "झालाच पाहिजे" म्हणायला मागे हजारो तयार असायचे. हा माणूस पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा कुजबुजत होता.

"डॉक्टरांनु, आवाज बसलो तो बसलोच, आणि आता हे बगा काय झाला." आणि त्याने शर्ट वर केला.

छाती, पाठ, दंड, सगळीकडे लाल थेंब. कुणीतरी लांबून कुंकवाचं पाणी शिंपडावं तसे. प्रत्येक थेंबावर चंदेरी खवला.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"माका खाज सुटता पाठीक आणि तुमी बगतास गळ्यात?"

"आ करा."

बशीवर स्वच्छ खिडक्या उमटल्या. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवल्या, जणू मी त्या आधी पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी दत्तारामला समजेल अशा भाषेत सांगितलं. "हे बघ परब, तुमच्या मोर्चात एक जण दगड मारतो आणि पळतो. पोलीस येतात. दगड मारणारा सापडत नाही. मग पोलीस काय करतात?"

"चाळीत घुसतत आणि जो गावात तेका झोडतत."

"बरोबर. तुझ्या घशात जंतू शिरला. शरीराने पोलीस सोडले. जंतू त्यांना सापडत नाही, आणि पोलीस परत चौकीत जाईनात. ते आता तुझ्याच कातडीला झोडतायत."

दत्ताराम विचारात पडला. "म्हंजे माझ्या आतसुद्धा सरकार तसलाच!"

आज हे सगळं पुस्तकांत सविस्तर आहे. शरीराची संरक्षक फौज आपल्याच कातडीवर उलटते, आणि काही माणसांत तिला पहिला धक्का घशातले हे जंतू देतात. सगळ्यांत नाही, एकाच जंतूने दहांचे घसे धरले तर एखाद्याच्याच कातडीवर थेंब येतात. त्या काळी डॉक्टर लिमये हे अर्धं वाचून आणि अर्धं अंदाजाने बोलत होते, आणि दोहोंतलं कुठलं किती हे मला कधी सांगत नसत.

पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, डांबराचं मलम दिलं. घसा साफ झाला, काडी घेतली तर बशी स्वच्छ. थेंब हळूहळू फिके झाले. दोन महिन्यांनी दत्ताराम पुन्हा कुजबुजत हजर. पुन्हा खिडक्या, पुन्हा थेंब. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा बशी स्वच्छ. आणि काही आठवड्यांनी तिसऱ्यांदा. या वेळी त्याने न सांगताच आ केला. मग म्हणाला, "खोलयेतसून काढतत माका."

ही खोली म्हणजे काय ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. कोकणातल्या एकेका गावाची लालबाग-परळमध्ये एकेक खोली असे. त्या एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गिरणी कामगार, अर्धे पहिल्या पाळीचे, अर्धे दुसऱ्या पाळीचे. एकमेकांच्या अंथरुणाला गार व्हायला वेळ मिळत नसे. खोलीचा एक कारभारी असे आणि त्याचा शब्द म्हणजे गावकीचा शब्द. दत्तारामच्या खोलीचे कारभारी होते विठोबा गावडे, म्हणजेच तात्या. अंगावरचे खवले बघून तात्यांनी ठरवलं की हा महारोग आहे. दत्तारामचं भांडं वेगळं झालं, मग अंथरूण गॅलरीत गेलं, आणि आता येत्या रविवारी गावकी बसून त्याला काढणार होती. खोली गेली की मुंबई गेली. शिवाय कशासाठी काढलं ही बातमी कुडाळला त्याच्या आधी पोचणार. तिथे कोण दारात उभं करणार?

डॉक्टरांनी शिक्का मारून लिहून दिलं की हा महारोग नाही आणि कातडीवरचं कुणाला लागत नाही. दत्तारामने कागद परत आणला. "तात्या म्हणतत, डॉक्टर खोलयेत रवतत काय?"

डॉक्टर चिडले. "याच्या खोलीतच कुणाच्या तरी घशात जंतू बसलाय. याला बरं करून धाडतो आणि तो माणूस याला जंतू परत देतो. जाधव, रविवारी जा आणि पंचवीसच्या पंचवीस घसे घेऊन ये."

रविवारी सकाळी मी काड्यांचा खोका घेऊन लालबागला गेलो. दत्तारामने सगळ्यांना गॅलरीत रांगेने उभं केलं होतं. चोवीस माणसं, चोवीस तोंडं, बहुतेकांत तंबाखू. मी म्हटलं, आधी चुळा भरा. चाळीचा नळ गेलेला. मग एका बादलीवर चोवीस जणांच्या चुळा आणि खालच्या मजल्यावरून आरडाओरडा. पहिल्याने आ केला आणि काडी घशाला लागताच दातांनी धरली, सोडीचना. दुसरा म्हणाला, "माझा घसा चांगलो आसा, काडी कानात घाला, कान ठणकता." तिसऱ्याने डोळे मिटून आ केला तो सुरात, आणि मागच्याने त्याला साथ दिली. एकाने विचारलं की काडी घातल्यावर उपास मोडतो का. मी म्हटलं, कापूस खाल्लात तरच मोडतो.

तात्या मात्र खोलीत खाटेवर बसून राहिले होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गोपीचंदन. रांगेतले शेवटचे दोघे उरले तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"नाव काय तुमचा?"

"जाधव."

"जाधव म्हंजे खयचे जाधव?"

हा प्रश्न कोकणात कुणी गावाच्या चौकशीसाठी विचारत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही धम्म घेऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, "खेडकडचे. बौद्ध."

गॅलरीतला सूर थांबला. ज्यांनी काडी घेतली होती त्यांनी नकळत जिभा ओठांवरून फिरवल्या. आता घेतलेली काडी परत कशी करणार?

तात्या सावकाश म्हणाले, "मी माळकरी माणूस. आयुष्यात मियां कोणाचा उष्टा खाऊक नाय. तुमची काडी आमच्या तोंडात कशी चालतली?"

मी म्हटलं, "तात्या, काडी निर्जंतुक आहे. तोंडाची हमी मी देऊ शकत नाही."

गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तेवढं एक वगळून चोवीस काड्या घेऊन मी परतलो. खोटं कशाला सांगू, ते वाक्य मला फार आवडलं होतं आणि परळपर्यंत मी ते मनात पाच-सहा वेळा म्हटलं. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. पंचविशीतला होतो, सरकारी खोका हातात होता, तरी त्या एका प्रश्नाने मी पुन्हा गावच्या पाणवठ्यावर लांब उभा होतो.

मंगळवारी चोवीस बशा बघितल्या. तेवीस स्वच्छ. फक्त दत्तारामच्या बशीत खिडक्या. डॉक्टर लिमये पँट सावरत खुर्चीत बसले. आता खोलीत जाऊन काय सांगणार? तात्यांना हे कळलं तेव्हा ते दत्तारामला म्हणाले, "बगलंस? खोली शुद्ध आसा. घाण तुझीच." गावकीची बैठक एका आठवड्याने पुढे ढकलली होती, ती आता नुसती नावापुरती राहिली.

मी दत्तारामला विचारलं, "तू खोलीबाहेर कुणाचं काही तोंडाला लावतोस का? विडी? चहाचा कप?"

"विडी ओढणय नाय. आवाजासाठी."

"मग गिरणीत?"

"गिरणीत खय तोंड लावतलंय? साचे आसत थय."

साचे म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात ठिणगी पडली.

माझे बाबा त्याच भागातल्या गिरणीत सव्वीस वर्षं होते. रिंगखात्यात, सूत कातायच्या विभागात. साचेखात्यात पगार जास्त, मान जास्त, पण आमच्यातल्या माणसाला तिथे घेत नसत. का, तर धोटा. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, आणि तिचा धागा धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. हाताने काढत बसलं तर माग थांबतो. म्हणून विणकर धोटा तोंडाला लावतो, आत जोरात श्वास ओढतो आणि धागा फटकन ओठांवर येतो. दिवसातून शेकडो वेळा. एकाच मागावर दुसऱ्या पाळीचा माणूस येतो तो तेच धोटे तोंडाला लावतो. आता आमच्या माणसाने ओढलेला धोटा वरच्या जातीचा विणकर तोंडात कसा घेणार? बाटेल ना! कायदा झाला होता, पण धोट्याला वाचता येत नव्हतं. बाबा साचेखात्याच्या दारापर्यंत सूत पोचवायचे आणि परत फिरायचे. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की ती गोष्ट म्हणून लक्षातच राहिली नव्हती. आणि डॉक्टर लिमयांना, ज्यांनी अर्ध्या मुंबईचे घसे पाहिले होते, धोटा कसा ओवतात हेच ठाऊक नव्हतं.

"दत्ताराम," मी विचारलं, "तुझ्या साच्यांवर दुसऱ्या पाळीला कोण असतं?"

"तात्या," दत्ताराम म्हणाला. "आठ वर्सां झाली. तेंनीच माका चिकटवल्यानी थय."

डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. पँट अर्ध्या वाटेत राहिली.

पुढच्या रविवारी गावकी बसली. डॉक्टर आले नाहीत. "माझं गिरगावचं मराठी तिथे चालणार नाही, तू जा," म्हणाले. दत्ताराम दाराजवळ उकिडवा बसला होता, वळकटी बांधून शेजारी ठेवलेली. हजारोंच्या पुढे उभा राहणारा माणूस त्या दिवशी स्वतःसाठी एक शब्द काढत नव्हता. त्याचा घसा बसला होता हे खरं, पण मला वाटतं, बरा असता तरी तो बोलला नसता.

तात्या म्हणाले, "कोणाक काय बोलाचा आसा?"

मी दारातूनच म्हटलं, "मला एकच विचारायचं आहे. तात्या, दत्तारामचं भांडं तुम्ही वेगळं केलंत?"

"केलंय. तेचा लागता."

"त्याच्या भांड्याला तोंड लावलं तर लागेल?"

"लागतलाच."

"मग त्याच्या धोट्याला?"

त्या पंचवीसांत विणकर निदान बारा होते. त्यांच्या चेहऱ्यावर ती गोष्ट एकेक करून उगवत गेली, आमच्या कपाटात बशीवर उगवते तशीच.

"आठ वर्षं," मी म्हटलं, "पाळी बदलली की त्याचा ओला धोटा तुमच्या तोंडात आणि तुमचा त्याच्या. लागायचं असतं तर एवढ्यात तुमच्या अंगावर मलमाला जागा उरली नसती. काढा बंडी."

कुणीतरी मोठ्याने हसलं. मग दुसरं. मग सगळी खोली. "तात्यानु, उष्टा खाऊक नाय म्हणालात ना?" मागून आवाज आला. "खाऊक नाय, पण चोखलंत मात्र खूब!"

तात्या माळ चाचपत बसले होते. त्यांचा चेहरा पडला. मी बेरकीपणे खोका पुढे केला. "आता आ करा. तुमचा घसा स्वच्छ निघाला तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

तात्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खोक्याकडे, मग त्या पोराकडे, ज्याला त्यांनीच गावाहून आणून मागावर उभं केलं होतं. आणि तोंड उघडलं. मी काडी फिरवली, नळीत घातली आणि बूच लावलं.

बशीवर असं पीक आलं की लाल भाग शोधावा लागला. डॉक्टर म्हणाले, "माळकऱ्याच्या घशात माळच निघाली." तात्यांना ना ताप, ना दुखणं, जंतू त्यांच्याकडे बिनभाड्याने राहत होता आणि धोट्यावरून दत्तारामकडे जात होता. दत्तारामच्या शरीरातले पोलीस तेवढे भडक डोक्याचे.

इथे मी एक चूक केली आणि ती लिहायला हवी. रोग्याचा रिपोर्ट रोग्याच्या हातात द्यायचा, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो खोलीत जाऊन सगळ्यांसमोर वाचला. "कातडीवरचं लागत नाही. लागतं ते घशातलं, आणि तो घसा तात्यांचा." मला त्या क्षणी बाबा आठवत होते आणि पाणवठा आठवत होता. वाचताना गोड वाटलं.

माझा गोडवा मिनिटभर टिकला. कारण खोलीने लगेच निकाल दिला, "तात्यांचा भांडा भायर ठेवा!" आणि एकाने खरोखरच तात्यांचं पितळी फुलपात्र उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. दुसरा त्यांचं अंथरूण गुंडाळू लागला. तात्या भिंतीला टेकून खाली बघत होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना लांब ठेवलं त्याला लांब कसं बसायचं हे कळत नव्हतं. मला वाटलं होतं हे बघून मजा येईल. आली नाही. आम्हाला ते बसणं फार जुनं ओळखीचं होतं.

"अरे, सहा इंजेक्शनांचं काम आहे," मी ओरडलो, पण माझं कोण ऐकतो? तेव्हा दत्ताराम उठला. गॅलरीत गेला, तात्यांचं फुलपात्र उचललं, आत येऊन माठातलं पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावलं.

"तात्यांका खय धाडतास?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ते गेले तर एकादशीक भजन कोण सांगतलो? तू?"

"अरे गाढवा," मी किंचाळलो, "पेनिसिलिन होईपर्यंत तरी थांब! पुन्हा पहिल्यापासून येईल!"

"येवंदे," दत्ताराम म्हणाला आणि उरलेलं पाणी प्यायला.

आलं. डॉक्टरांनी दोघांना एका बाकावर बसवून शेजारी शेजारी इंजेक्शनं दिली. तात्या सुईला घाबरत. दत्ताराम त्यांचा हात धरून बसे आणि पलीकडे सुई उकळत असलेल्या मलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांच्याकडून अभंग म्हणवून घेई. पुढे दत्तारामने छत्रीच्या काडीची बारीक आकडी करून घेतली आणि धागा तिने ओढू लागला. माग थोडा थांबे, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, शिव्या देई. थेंब हळूहळू विरले. कायमचे गेले असं सांगायला मला आवडलं असतं. म्हातारपणी कोपरांवर पुन्हा आले, पण खोली त्याला शेवटपर्यंत होती. मुंबईसह राज्य झालं त्या दिवशी तो इतका ओरडला की मी दुसऱ्या दिवशी काडी घेऊन तयार बसलो होतो.

बैठकीनंतर महिनाभराने एका रविवारी दत्ताराम नायगावला आमच्या खोलीवर आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "तुमका काय देवचा ता कळना नाय. ह्यो खात्यातसून टाकलेलो." आत झिजून गुळगुळीत झालेला एक धोटा होता, कांडीसकट.

बाबा खाटेवर बसले होते. ते तेव्हा नुकतेच गिरणीतून सुटले होते. मी त्यांना सगळी हकिकत आधीच सांगितली होती. धोटा बघून त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला.

"ओढून दाखव बघू," ते दत्तारामला म्हणाले.

"असो तोंडाक लावचो, काकानु, आणि श्वास आत घेवचो." दत्तारामने ओठ लावले, फुस्स झालं आणि धागा बाहेर आला. त्याने धागा परत आत सारला आणि धोटा बाबांपुढे धरला.

मी सवयीने उठलो. माझ्या पिशवीत स्पिरिट आणि कापूस कायम असायचा. "थांबा बाबा, पुसून देतो. नियम आहे तो."

"राहू दे," बाबा म्हणाले.

त्यांनी धोटा दोन्ही हातांत घेतला, ज्या भोकाला दत्तारामचे ओठ लागले होते तिथेच आपले लावले आणि श्वास ओढला. धागा पहिल्याच झटक्यात आला. बाबांनी तो ओठांवरून बोटात घेतला आणि चिमटीत ताणून पाहिला.

"एवढंच होतं?" ते म्हणाले.